दाढेच्या चतुःसीमा

ती. अक्कास,

लिहून देणार: तुझा धाकटा भाऊ, वय एकसष्ट, पूर्वीचा धंदा दस्तलेखन, हल्लीचा धंदा वेबसाइटलेखन (होय, बरोबर वाचलंस). लिहून घेणार: तू, वय त्रेसष्ट (तू सांगतेस ते), निवृत्त मुख्याध्यापिका. कारणे पत्र लिहून देतो ऐसे की, तुला साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे माझा हल्ली अर्धाच होतो, उरलेला समजून घे), भाऊजींनाही नमस्कार, आणि दोघांच्या तब्येतीची चौकशी. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? तुझा खोकला गेला का? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू सूनबाईशी बोलतेस, मुलाशी बोलतेस, आमच्या मांजराचीसुद्धा खुशाली विचारतेस, आणि फोन माझ्या हातात आला रे आला की तुझं दूध उतू जातं. तीन वर्षं न चुकता कसं गं उतू जातं? निदान भांडं तरी मोठं घे.

हे माझं तीन वर्षांतलं पाचवं पत्र. आधीच्या चारांना तुझं उत्तर नाही. तू रागावली आहेस हे मला ठाऊक आहे, तुझ्या भावजयीला ठाऊक आहे, मांजरालाही असावं. तुझ्या निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी तू तुझं भाषण माझ्याकडे 'जरा नजर टाक' म्हणून दिलंस. मी नुसती नजर टाकून थांबलो नाही, संध्याकाळभर बसून माझ्या अक्षरात ते सगळं नव्यानं लिहून काढलं, सलग, घोटीव, चाळीस वर्षांच्या हाताची स्वच्छ प्रत. आणि तू व्यासपीठावर चौथ्या ओळीला अडखळलीस, कागदावर बोट फिरवत राहिलीस, आणि भाषण अर्धवट टाकून खाली येऊन बसलीस. आता यात माझा काय दोष? मी एवढंच म्हणालो की चष्मा नीट लावायला हवा होता. (सगळ्या शिक्षकांसमोर म्हणालो, आणि जरा मोठ्यानं म्हणालो, हे कबूल.) त्या दिवसापासून तू आमच्या घराची पायरी चढली नाहीस. असो. तो विषय मी या पत्रात काढणारच नाही. हे पत्र आनंदाचं आहे. अक्का, तुझा भाऊ या वयात लेखक झाला आहे, आणि माणसं त्याचं लिखाण शेवटपर्यंत वाचतात!

माझा धंदा तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण धंद्याबद्दल सांगायची संधी मी कधी सोडलेली नाही. कचेरीच्या व्हरांड्यात, जिन्याखाली, ज्या टेबलाचा एक पाय विटेवर होता तिथं मी विसाव्या वर्षी बसलो. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी एकच धडा दिला: कागदावर मुंगीला वळायला जागा ठेवायची नाही. का? तर आज तू कोरी जागा सोडशील आणि उद्या कुणीतरी तिथं हळूच 'विहिरीसह' असं घुसडेल, आणि दोन भाऊ मरेपर्यंत कोर्टात भांडतील. म्हणून ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत. ओळ तोकडी पडली तर पुढे रेघ ओढायची. खाली अर्धं पान उरलं तर त्यावर तिरकी रेघ मारून ते ठार करायचं. परिच्छेद हा शब्द आमच्यात शिवीसारखा वापरायचे. माझ्या दस्तावरून चाळीस वर्षांत एकही भांडण उभं राहिलं नाही. (ते कुणाला वाचून कळलंच नाही म्हणून, असं सूनबाई म्हणते. तिचं मनावर घेऊ नकोस, दात काढणाऱ्यांची जीभ जरा सैल असते.)

तर सूनबाईचा दवाखाना. औषधांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, निळ्या खुर्च्या, एका भिंतीवर हसणाऱ्या जबड्याचं चित्र. तिची अडचण अशी, की दाढ काढल्यावर काय काळजी घ्यायची हे ती प्रत्येकाला सांगते, पण त्या वेळी माणसाचा अर्धा चेहरा बधिर आणि उरलेला घाबरलेला. घरी जाईपर्यंत सगळं विसरतो. छापील कागद दिला तर त्यात दाढच गुंडाळून नेतात. म्हणून तिनं ठरवलं की सगळ्या सूचना दवाखान्याच्या वेबसाइटवर टाकायच्या, आणि पेशंटच्या मोबाइलवर लिंक पाठवायची. आता हे लिहिणार कोण, असं ती मुलाला विचारत होती. मी समोरच चहा पीत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, चार दिवस द्या.

चार दिवसांत दस्त तयार. सुरुवात तुला ऐकवतोच: 'सदरहू दाढ, जिच्या चतुःसीमा येणेप्रमाणे, पूर्वेस जीभ, पश्चिमेस गाल, दक्षिणेस हिरडी व उत्तरेस समोरील जबड्यातील दाढ, ही तिच्या समस्त मुळांसह, कोणताही हक्क मागे न ठेवता, डॉक्टरांनी रुग्णाच्या राजीखुशीने कायमची काढून घेतली असून, त्यायोगे रिकाम्या झालेल्या जागेचा उपभोग रुग्णाने पुढील शर्तींस अधीन राहून घ्यावयाचा आहे...' असं एकूण अकराशे शब्दांचं एकच वाक्य, पूर्णविराम फक्त शेवटी. मोबाइलवर काय दिसलं म्हणून सांगू! वरपासून खालपर्यंत भिंत, एक वीट हललेली नाही. डोळे भरून आले. सूनबाईनं वाचलं, मोबाइल पालथा ठेवला आणि म्हणाली, 'छान आहे हं, बाबा.' हा आवाज ती लहान मुलांना दुखणार नाही असं सांगताना काढते, हे मला नंतर कळलं.

पहिल्याच आठवड्यात एक क्लॅरिनेटवाले आले. बँडमधले जुने वाजवणारे, गालफडं अशी की फुंकर मारली तर पडदे हलावेत. मंगळवारी दाढ काढली, लिंक पाठवली. गुरुवारी त्यांनी एका कार्यक्रमात अडीच तास वाजवलं आणि शुक्रवारी गाल दोन्ही हातांत धरून जिना चढले. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलेली असते, तीच जखमेचं झाकण. फुंकल्यानं नाहीतर ओढून प्यायल्यानं ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं आणि माणसाला ब्रह्मांड आठवतं. आता मला सांग, मी हे लिहिलं नव्हतं का? लिहिलं होतं! वाद्याचाही उल्लेख होता. मी तरातरा दवाखान्यात गेलो, मोबाइल काढला आणि त्यांना ओळ दाखवायला लागलो. सापडायला सहा मिनिटं लागली. ते बिचारे गाल धरून उभे. सत्तेचाळिसाव्या ओळीत, कंसात, गरम चहाच्या नंतर आणि सिगारेटच्या आधी, होती की नाही? मी बोट ठेवून म्हणालो, हे काय आहे मग? त्यांना तोंड उघडता येत नव्हतं हे माझं नशीब. सूनबाई मात्र म्हणाली, 'बाबा, आहे हे खरं. पण सापडत नाही. दुखत असलेला माणूस शोधत बसत नाही.'

हे मला लागलं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही (तिच्या ते लक्षात आलं नाही, ही वेगळी गोष्ट). तिसऱ्या दिवशी मी गळ्याभोवतीचा मफलर जबड्याला बांधून, पेशंट बनून, दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. म्हटलं, बघूच माणसं माझं वाचतात की नाही. अक्का, माणसाचं तोंड खोटं बोलतं, अंगठा बोलत नाही. लिंक उघडली की अंगठा एकदा वर जायचा, मग दोनदा, मग झटकल्यासारखा सात-आठ वेळा, की आलं पान संपत. अकराशे शब्द नऊ सेकंदांत! एका आजींनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल हातभर लांब धरला, दोन ओळी वाचल्या आणि शेजारणीला सांगितलं, 'हे कुणीतरी दाढ दुखत असतानाच लिहिलेलं दिसतंय.' दहा माणसं झाली. अकरावा तरुण मात्र पानाकडे बघत राहिला, अंगठा हलेना. मी धन्य झालो. एक तरी रसिक निघाला म्हणून जवळ जाऊन वाकून पाहिलं, तर तो झोपला होता.

मग मी मफलर सोडला आणि सूनबाईला म्हटलं, शिकव. तिनं शिकवलं. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, परिच्छेद दोन-तीन ओळींचा, वर मथळा, सूचना असेल तर पुढे टिंब, महत्त्वाचा शब्द ठळक, आणि मधे मोकळी जागा. मोकळ्या जागेशी आल्यावर माझा हात रेघ ओढायला धावायचा. वस्ताद आठवायचे, ती विहीर आठवायची. पण एकदा हात मोकळा झाला म्हणतेस! मी सगळंच ठळक केलं. प्रत्येक वाक्याला मथळा दिला, मथळ्याला उपमथळा दिला, लाल, हिरवं, जांभळं केलं, बाण काढले, थुंकू नका याच्याभोवती महिरप काढली. अति तिथं माती. सूनबाई म्हणाली, सगळेच ओरडायला लागले तर ऐकायचं कुणाचं? मग मी रागानं सगळं पुसलं आणि मोठ्या कोऱ्या पानाच्या मधोमध 'जपा' एवढंच लिहिलं. तेही चाललं नाही.

आणि मग एका दुपारी मला सुचलं. कसं ते विचारू नकोस, लेखकाला सुचतं. मला एकदम कळलं की वाचणारा माणूस जिथं थांबेल, श्वास घेईल, तिथं लिखाणानंही थांबावं. (ही ओळ जपून ठेव, माझी आहे.) कोरी जागा वाया गेलेली नसते, ती वाचणाऱ्याच्या वाटणीची असते. मी बसलो आणि तासाभरात नवं पान लिहिलं. त्याची सुरुवात अशी आहे, पत्रात काढून दाखवतो, कारण बघितल्याशिवाय तुझा विश्वास बसायचा नाही:

आजचा दिवस

• कापूस अर्धा तास दाबून धरा.

• चूळ भरू नका. थुंकू नका.

• स्ट्रॉनं काही पिऊ नका.

• वाद्य फुंकायचं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पेटीतून काढू नका.

शेवटची सूचना तशी एकाच माणसासाठी आहे, पण ठळक तीच करा असा त्याच्या बायकोचा आग्रह होता. तर पुढे ऐक. त्याच क्लॅरिनेटवाल्यांची दुसऱ्या बाजूची दाढ दोन महिन्यांनी काढली. मी देवासारखा बाहेरच्या खोलीत बसलेलो. लिंक गेली. त्यांचा अंगठा हलला, थांबला. हलला, थांबला. प्रत्येक टिंबाशी थांबला, अक्का! मी मोजत होतो. दहाव्या दिवशी ते तपासायला आले, सूनबाईनं आ करायला लावला, जखम स्वच्छ, वाजवायला परवानगी. त्यांनी तिथंच पेटी उघडली आणि बाहेरच्या खोलीत उभं राहून असं वाजवलं, की आतल्या खुर्चीतला पेशंट उठून बसला. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, 'तुम्ही लिहिलंय? मी एका दमात वाचलं.' ज्याचं पोट दमावर आहे त्या माणसानं हे म्हणावं! मला धंद्यात, संसारात असं कुणी काही म्हणालेलं नाही. छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण गेलं. (तुझी भावजय म्हणते ते आधीपासूनच सैल होतं.)

तेव्हापासून दवाखान्यात फोन निम्म्यानं कमी झाले, गाल धरून परत येणारं कुणी नाही, आणि खालच्या औषधवाल्यानं आपल्या दुकानाची पाटी मला लिहायला दिली आहे. आमच्या इमारतीच्या लिफ्टमधली सूचना मी नव्यानं लावली, चार टिंबं, एक ठळक, तेव्हापासून दार उघडं ठेवणं बंद झालं. घरातही मी आता सगळं मांडून बोलतो. परवा तुझ्या भावजयीनं चहा हवा का विचारलं, तर मी तीन मुद्द्यांत उत्तर दिलं. ती म्हणाली, लिहिताना एवढी जागा सोडता, बोलतानाही मधे मधे सोडत चला. तिला लिखाणातलं कळत नाही, पण बाई चांगली आहे.

तू म्हणशील, एवढा मोठा तज्ज्ञ आणि पत्र मात्र भिंतीसारखं? अगं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ते पान लोकांचं, हे पत्र माझं. असो. येणेप्रमाणे पत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले असे.

तुझा भाऊ (लेखक)

साक्षीदार: १. तुझी भावजय (न वाचता सही). २. मांजर (हजर, सही नाही).

ता. क. सूनबाई आता लहान मुलांच्या दुधाच्या दातांवर पान करणार आहे. ते मुलांना वाचता आलं पाहिजे. छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं कुणी ओळखीत आहे का, असं तिनं माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हटलं, आठवून सांगतो.

ता. क. दुसरी. साक्षीदार क्र. १ हिनं पत्र अखेर वाचलं, आणि 'एका दुपारी मला सुचलं' हे खोटं आहे, ते दुरुस्त केल्याशिवाय मी तिकीट लावणार नाही असं म्हणते. तर दुरुस्ती. त्या दुपारी मी माझ्या कागदांच्या पेटीत जुन्या नकला बघत होतो (तुला माहीत आहे, मी कागद टाकत नाही). त्यात तुझ्या भाषणाचा मूळ कागद निघाला. तुझ्या हातचा. चार ओळी, मग जागा. दोन ओळी, मग जागा. समासात बारीक पेन्सिलीनं: 'थांबणे.' खाली: 'श्वास.' आणि जिथं तुझ्या पहिल्या वर्गातल्या मुलांबद्दल आहे, तिथं चार बोटं कोरी जागा, आणि समासात: 'इथे रडू येईल. पाणी पिणे.' त्या चार बोटांवर माझ्या पेनाची तिरकी रेघ आहे, अक्का. मला त्या दिवशी वाटलं होतं, हिला लिहायला सुचलं नाही, आपण भरून काढू. मी तुझी थांबायची जागाच बुजवली, आणि वर चष्म्याबद्दल बोललो. पेटी मिटून तिच्या झाकणावर मी तो कागद पसरला. मग उठलो आणि दाढेचं पान त्या कागदासारखं मांडलं, जसंच्या तसं. क्लॅरिनेटवाल्यांची जखम तुझ्यामुळे बरी झाली. जपून ठेव म्हटलेली ओळही तुझीच. मी फक्त नक्कल केली, तो माझा धंदाच आहे.

ता. क. तिसरी, आणि मुख्य. त्याच पेटीत मी तुला लिहिलेल्या पहिल्या पत्राची नक्कल होती. त्यात मी तुझी माफी मागितली होती. खरंच मागितली होती! पान अकरा, खालून तिसरी ओळ, कंसात, माझ्या कंबरेच्या दुखण्याच्या मधोमध. तीन वर्षं मी मनात तुला बोल लावत होतो, की मी माफी मागूनही ही बाई विरघळत नाही. सूनबाईला म्हटलं, बघ, शोध. ती वीस मिनिटं शोधत होती. सापडल्यावर तिनं त्या ओळीवर बोट ठेवून कागद माझ्यापुढे सरकवला.

तर आता नीट मांडतो.

अक्का, मी चुकलो.

तुझा कागद बरोबर होता.

मूळ कागद माझ्याकडे आहे. रेघ खोडरबरानं जाईना, म्हणून तुझ्याच पद्धतीनं, सगळ्या जागा सोडून, नवा लिहून ठेवला आहे.

घरी ये. भाषण पुरं कर. पाण्याचा ग्लास मी धरून उभा राहीन.

याच्या खाली अर्धं पान कोरं आहे. रेघ मारलेली नाही. तुला वाटेल ते लिही.